पहिलारू

सुविधाचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी गोकुळदासांनी उत्तर दिलं नव्हतं. बेळगावहून लेकीने लिहिलं होतं, 'हे फोनवर विचारवत नाही. बाळ झाल्यापासून मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. मला बघितल्याबरोबर आईला माया आली होती ना? खरं सांगा.'

खरं फक्त त्यांनाच ठाऊक होतं. सुविधा झाली तेव्हा त्यांची बायको तारा बारा दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होती. बारशालाही तिने मूल मांडीवर घेतलं नाही. हे पोरीला कधी कळू द्यायचं नाही, असं तिने त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. आता तारा हयात नव्हती. गोकुळदासांनी मेंदूवरची पुस्तकं काढली, चार पानं लिहिली, फाडली.

आज ते गोठ्यात येरझारा घालत होते. पहाटे पहिल्यांदाच व्यालेली गाय वासराला जवळ येऊ देत नव्हती. आचळाशी तोंड नेलं की लाथ.

शेजारची शेवंती बघायला आली. "बाब, वासराक कोणें पुसलें?"

"मी. कुडकुडत होतं."

"तिणें चाटचे आदीं?"

गोकुळदास ओशाळले. "व्याल्यावर थोडाच वेळ मेंदूत मायेचं द्रव्य चढलेलं असतं. तेवढ्यात वासराचा वास तिच्या डोक्यात बसला तर..."

"पुस्तकांत इतलें वाचलां, आनी तुमी गोणपाट घेवन धांवलात."

पुसलेला वास पुन्हा लागावा म्हणून कोपऱ्यातलं तेच ओलं गोणपाट तिने वासराच्या पाठीवर परत चोळलं. वर मूठभर कोंडा आणि मीठ. गायीने हुंगलं, मान फिरवली. पुन्हा हुंगलं, थोडं मीठ चाटलं आणि मागे सरली.

"घेत नाही," गोकुळदास म्हणाले.

"पयलारू ती. तिका वेळ लागता."

"किती?"

"कोणाक घडीभर, कोणाक आठ दीस."

"आणि तोवर?"

हेही विचारायचं असतं का, अशा नजरेने शेवंतीने पाहिलं. "तोवर दुसऱ्यान पाजचें. वाटी हाडा."

गायीचे मागले पाय बांधून तिने त्यांनी आणलेल्या वाटीत चीक पिळला. गोकुळदासांनी बोट बुडवून वासराच्या तोंडात दिलं. ते बोट ओढू लागलं तशी त्यांनी वाटी जवळ घेतली.

दुपारी त्यांनी जेमतेम अर्धं पान लिहिलं. 'नव्हती आली. बारा दिवस तुला मी वाटी-चमच्याने पाजलं. तेराव्या दिवशी तू रडलीस आणि तिने हात पुढे केला. तोवर बाळाला घरातल्या दुसऱ्या कुणाला पाजू दे. डॉक्टरांनाही सांग. बोलावशील तेव्हा मी येतो.'

परत वाचलं तर फाडू, या भीतीने त्यांनी पाकीट लगेच चिकटवलं. पेडण्याच्या पोस्टापर्यंत ते जवळजवळ धावतच गेले. पत्र पेटीत सोडलं, पण हात काही वेळ फटीतच राहिला.

"सांगितलं गो, तारा," ते पुटपुटले.