धुरपताची गिरकी

धुरपतानं हात पदराखाली घेतला आणि फुगडीला पुन्हा नाही म्हणाली.

लिंबाखाली जमलेल्या बायकांना हे पटेना. पंचमीचा सण, फांदीला झोके, अंगावर नवी लुगडी, आणि धुरपता खेळत नाही म्हणजे काय? केदारखेड्यात गिरकी म्हटलं की धुरपताच. लग्नाआधी ती फुगडीला उभी राहिली की समोरचीला गाव गरगरताना दिसायचं आणि ही बया आपली हसत असायची. वासरू दावं सोडल्यावर अंगणात फिरलं, तरी म्हातारे म्हणायचे, बघा, धुरपतागत गिरकी घेतंय. पण लग्न झाल्यापासून तिला माहेरी एक गिरकी मारून यायलासुद्धा कुणी सोडलं नव्हतं. तीन वर्षांनी आज दुपारी ती आली होती, तीही सासऱ्याच्या गाडीत, सासऱ्याच्या मागं बसून.

बायका चिडवायला लागल्या. सासरचं दूधतूप खाऊन अंग जड झालं म्हणाल्या. तिची आई सगुणाबाई मात्र मनातून सुखावली. अंबडकडचं मोठं घर ते. दौऱ्यावरचा तहसीलदार त्यांच्या ओसरीवर चहा पिऊन जायचा. अशा घरची सून चारचौघींत उड्या मारत नाही, पोरीला वळण लागलं, असंच तिला वाटलं. आता आईला काय दिसतं नि काय नाही, ते देवालाच ठाऊक.

तेवढ्यात ओसरीवरून पुंजारामची हाक आली. धुरपताचा बाप कधी एवढ्या मोठ्यानं बोलायचा नाही, पण आज त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. व्याही रखमाजी नुसते सुनेला सोडायला आले नव्हते. आपल्या धाकट्या लेकासाठी त्यांनी धुरपताच्या धाकट्या बहिणीला, पुष्पीला मागितलं होतं, आणि पुंजारामनं हो म्हणून टाकलं होतं. दोघी बहिणी एका घरात, जावा-जावा होऊन नांदतील! साखर वाटायला घ्या म्हणाला. पुष्पी लाजून खांबाआड पळाली आणि बायकांनी एकच गलका केला.

धुरपता उठली. आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, चल. एक गिरकी घेऊ."

सगुणाबाईनं गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगून पाहिलं, पण पोरगी हलेना. बहिणीचं ऐकून हिला उधाण आलं, असं समजून सगुणाबाईनं पदर खोचला. दोघींनी हाताची अढी घातली आणि पायाला पाय लावले.

फुगडीत सगळा खेळ पकडीचा. अंग मागं झोकून द्यायचं आणि समोरचीच्या हातावर विसंबायचं. पहिले फेरे बरे गेले. मग वेग आला, आणि पोरीचा उजवा हात सुटतोय असं सगुणाबाईला वाटलं. तिनं घट्ट धरायला बोटं चाचपली. ती मिटतच नव्हती. तीन बोटं वाकडी होती, मोडून कशीबशी जुळलेली, सांध्याला गाठी आलेली. तिनं मनगट धरलं. लिंब, झोके, बायका, सगळं भोवती फिरत होतं आणि धुरपता तिच्याकडं टक लावून पाहत होती.

"काय झालं गं हे?"

"गेल्या पंचमीला इकडं यायला निघाले व्हते," धुरपता फिरता फिरताच हळू आवाजात म्हणाली. "यांनी दार लोटलं. धाकल्यानं मव्हा हात चौकटीत धरून ठिवला."

धाकला म्हणजे तोच, ज्याच्या नावानं ओसरीवर साखर वाटली जात होती. स्वतःपायी या पोरीनं वर्षभर तोंड उघडलं नव्हतं. बहिणीवर आलं तेव्हा उघडलं.

फुगडी थांबली. सगुणाबाई दमली असं समजून बायका हसल्या. ती ओसरीकडं गेली. आरडाओरडा केला असता तर रखमाजींनी त्याचं खापर सुनेवरच फोडलं असतं, आणि उद्या सूनच त्यांच्या गाडीत बसायची होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि दाराआडून नवऱ्याला सांगितलं, "पुष्पी देता यायची न्हाई. म्या मह्या भावाला जबान देली हाय."

साफ खोटं होतं ते. भावाला तिनं विचारलंही नव्हतं. पण मामानं भाची मागितली म्हटल्यावर तिथं व्याह्याचं काय चालणार? रखमाजींचं तोंड कडू झालं. पुंजारामनं दातओठ खाल्ले, पण पाहुण्यादेखत बायकोला खोटी पाडायचं त्याला धाडस झालं नाही. साखर परत डब्यात गेली.

सकाळी रखमाजींची गाडी जुंपली. सगुणाबाईनं धुरपताला गोठ्यामागं ओढलं. तू जाऊ नको म्हणाली, तुझ्या बापाला सगळं सांगते, काय व्हायचं ते होऊ दे. बोलता बोलता तिला रडू फुटलं. धुरपता रडली नाही.

"मी हितं बसले तर लोक इचारतील. मंग मामा तरी पुष्पीला सून करून घेईल का?"

पोरगी बराबर बोलत होती. सगुणाबाईनं डोळे पुसले, तिची ओटी भरली, आणि आपल्या हातानं तिला गाडीत चढवून दिलं.