रस्त्यालगतचं दार

"गाडीला चिकटून चाल," डीटमारने बजावलं. "तुझं गाव आलं."

डीटमार या मुलखाच्या सरदाराचा स्वार. फ्रांकफुर्टच्या जत्रेला निघालेल्या व्यापाऱ्यांना हद्दीपर्यंत सुखरूप नेणं त्याच्याकडे होतं. मिरी आणि कापडाच्या दहा गाड्या होत्या. त्यातली शेवटची हाकणारा उल्मान याच गावातून हद्दपार झालेला.

सात वर्षांपूर्वी गुत्त्यात भांडण पेटलं आणि उल्मानच्या सुरीने एकोणीस वर्षांचा एक पोरगा गेला. पंचांचा निवाडा असा, की हा गावात दिसला तर कुणीही मारावा, मारणाऱ्याला शिक्षा नाही. पण व्यापाऱ्यांबरोबर राजरस्त्यावर असलेला माणूस सरदाराच्या हमीत. तिथे त्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही. म्हणून तर तो दरवर्षी ही गाडी पत्करायचा. घर रस्त्यालगतच होतं. बायको, गेर्लिंड, दारात उभी असायची. तो बघायचा, ती बघायची, की गाडी पुढे. एवढ्यावर बिचारा वर्ष काढायचा.

यंदा तिने निरोप धाडला होता. एकदा दारापर्यंत ये, रोज वाट बघते.

डीटमार सकाळपासून चिडवत होता, की नवरदेवा, दाढी कुणासाठी केलीस? आता मात्र तो हसत नव्हता. "रस्ता आहे तोवर मी आहे, उल्मान. रस्ता सोडलास की मी तुझा कुणी नाही."

"तीनच पावलं आहेत रे."

"म्हणूनच सांगतोय."

दार आलं. आतून ताज्या पावाचा वास येत होता. गेर्लिंड उंबऱ्यात उभी होती. वाळली होती बिचारी. तिचे डोळे भरले आणि तिने दोन्ही हात पुढे केले. सात वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. खड्ड्यात गेला तो निवाडा, उल्मानला वाटलं, एकदा मिठीत घेतो आणि धावत परत येतो.

डीटमारने मागून हाक मारली. उल्मानने कासरा टाकला आणि रस्ता सोडला.

तिने त्याला घट्ट कवटाळलं, इतकं की त्याला हलता येईना. तिच्या खांद्यावर डोकं टेकून तो पोरासारखा रडला. फार आठवण यायची गं, म्हणाला. तीही रडत होती. मग मान वळवून ती घरात बघत म्हणाली,

"आई, सगळ्यांना घेऊन ये. माझ्या भावाला मारणारा रस्त्यावरून उतरला."