पंधरा दिवसांसाठी गुऱ्हाळ

बाबालाल पेंटरनं सकाळपासून तिसऱ्यांदा आपलं चित्र सरळ केलं. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चित्र असं चारचौघांत पहिल्यांदाच टांगलं होतं. पण वाचनालयात येणारा प्रत्येक जण भिंतीकडं न बघता थेट पेपरांवर तुटून पडत होता. पेंटरचा जीव मात्र टांगणीला.

तेवढ्यात एका आजींनी त्याचं ते गुऱ्हाळाचं चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि सभासद कार्डासकट ग्रंथपालांपुढं ठेवलं.

"आजी, हे प्रदर्शन आहे. चित्रं घरी नेता येत नाहीत."

"का? उभ्या उभ्या पुस्तक तरी वाचून होतं का? पंधरा दिवसांत आणून देते की!"

ग्रंथपालांनी कपाळाला हात लावला. पेंटर धावतच टेबलाशी आला.

"द्या त्यांना, साहेब," तो म्हणाला. "परतीची तारीख तेवढी घालू नका."