न्हाणीची खिडकी

"आधी सिलिंडर बंद," असे स्वतःशीच म्हणत हरेशने न्हाणीबाहेरच्या सिलिंडरची कळ दोनदा पिळून पाहिली. मग पाणी बंद केले, गिझरमधले दोन्ही सेल काढून खिशात टाकले आणि झाकणाचे स्क्रू सोडवायला घेतले.

त्याची आई गुणाबाई दारातच उभी होती. "सकाळी तर चांगलं पाणी दिलं त्यानं. चालत्या वस्तूला कशाला हात लावतोस?"

हरेश स्क्रू सोडवतच राहिला. शहापुरात राहून तो लोकांचे गॅस गिझर साफ करायचा, दुरुस्त करायचा. टोकावड्याला आईच्या घरी त्यानेच दोन वर्षांपूर्वी हा गिझर बसवला होता आणि नंतर त्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. घरचे काम म्हटले की कारागिराला सवड म्हणून मिळत नाही.

आज मात्र तो सकाळीच मोटरसायकल दामटत आला होता. आठ दिवसांपूर्वी त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या घरात सुयोग नावाचा तिशीचा माणूस आंघोळीला गेला, तो जिवंत बाहेर आलाच नाही. गिझर स्वच्छ होता. दोनच दिवस आधी हरेशने स्वतः तो धुऊनपुसून दिला होता. थंडी म्हणून त्या माणसाने खिडकी तेवढी लावून घेतली होती. हरेशला कोणी दोष दिला नाही, पण त्याची झोप उडाली. डोळा लागला की त्याला स्वतःच्या आईची न्हाणी दिसायची. कारण त्याची धाकटी बहीण नम्रता बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बारा दिवसांच्या लेकीसकट रोज त्याच न्हाणीत न्हात होती.

झाकण निघाले. आत काजळी इतकी की बोट फिरवले तर काजळ घालता आले असते. त्याने बर्नर अंगणात नेऊन दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक भोक मोकळे केले. बोअरच्या पाण्याचा खार तांब्याच्या नळीत साचला होता. तिच्यात लिंबूसत्त्वाचे पाणी भरून ती तासभर तशीच ठेवली, मग भरपूर पाणी सोडून धुतली. सगळे जोडून सांध्यांना साबणाचा फेस लावला. कुठे बुडबुडा आला नाही. सेल घातले, नळ सोडला. जाळ निळाशार लागला.

"झालं ना समाधान?" गुणाबाई म्हणाली.

हरेश वर बघत होता. न्हाणीची एकुलती एक खिडकी जुन्या लुगड्याच्या बोळ्यांनी गच्च बुजवलेली होती.

"आये, हे कोणी केलं?"

"मी केलं, कालच. बाळंतिणीला वारं लागतं. तुमा दोघांच्या वेळी माझ्या सासूनं भिंतीच्या फटीसुद्धा लिंपल्या होत्या."

"हा गिझर खोलीतली हवा खातो, आये. वरून विषारी गॅस सोडतो. त्याला वास नाय, रंग नाय. माणूस बसल्या जागी झोपतो आणि मग उठत नाय. मी आठ दिवसांपूर्वी बघितलंय."

त्याचा आवाज कापला. लेक रडवेला झाला की तिचे काही चालत नसे. तिने मुकाट्याने स्टूल ओढले आणि स्वतःच्या हाताने बोळे उपसून काढले.

"घे. हा मेला गिझर भिंतीवर आहे तवर खिडकी बुजवणार नाय. पोरीच्या गळ्याची शप्पथ."

आईचा शब्द म्हणजे शब्द. हरेश निवांत व्हायला हरकत नव्हती. पण घाटाकडून बोचरे वारे थेट न्हाणीत घुसले. तेल लावून बसलेली नम्रता आतल्या खोलीतून दारापर्यंत आली आणि शहारली.

"दादा, इथे न्हायचं? मला चालेल, पण हिला?"

कुशीतली पोर दोनदा शिंकली. गुणाबाईने तोंडाला पदर लावला. हरेशला ते सोसवेना. आईने आयुष्यात काही मागितले नव्हते. आता नातीला वारे लागू नये एवढेच तिला हवे होते, आणि तो तेही तिच्याकडून काढून घेत होता.

त्याने पुन्हा सिलिंडरची कळ पिळली, पाना घेतला आणि दोन तास खपून चकचकीत केलेला गिझर सरळ भिंतीवरून उतरवला.

"आता पाणी कुठलं?" गुणाबाईने विचारले.

"परसात चूल आहे ना? हंडा चढव तिच्यावर. उन्हाळ्यात परत लावू."

मग तो स्वतः स्टुलावर चढला. आईने खालून एकेक बोळा दिला, त्याने तो खिडकीत दाबून बसवला. "आता खुशाल बंद ठेव," तो म्हणाला. किती दिवसांनी आई मनापासून हसली. नम्रताही हसली. गिझर गोणीत घालून त्याने मोटरसायकलला बांधला.

त्या रात्री हरेश ढाराढूर झोपला.

दुसऱ्या दिवशी तो मुरबाडला एका गिऱ्हाइकाला खिडकी उघडी का ठेवायची ते समजावत होता. आता त्याला ते न घाबरता सांगता येत होते. तेवढ्यात आईचा फोन आला. मागे शेजाऱ्यांचा गलका चालला होता.

"हरेश, बिगीनं ये रे. गिझर तर आता नव्हताच. दोघींना घाम सुटावा म्हणून मी न्हाणीत निखाऱ्यांची शेगडी ठेवली, दार ओढलं आन् खीर करायला गेले, आता हाका मारमारून दमले, तर दोघी उठत का नायत रे?"