करवतीच्या पात्याची सुरी

दुपारचे तीन वाजले तरी आनंदा चौगुलेच्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. सायकलवरचं धारेचं चाक फिरवून फिरवून गुडघे भरून आले होते. कॉलनीतलं हे शेवटचं दार, मग घरी, असं ठरवून त्याने दारातल्या बाईंच्या हातून सुरी घेतली आणि पॅडलवरचा त्याचा पाय थांबला.

"ही दुकानातली नव्हे," तो म्हणाला. "कारखान्यात लोखंड कापायच्या करवतीचं पातं घासून केलीय."

"खरंय. आमच्या लग्नात यांच्या एका दोस्तानं करून दिलेली," बाई म्हणाल्या. "एवढी झिजली, तरी हे टाकू देत नाहीत."

मुठीवर पातं पक्कं धरणारे तांब्याचे तीन रिबीट होते. मधला जरा तिरका. तो ठोकताना आनंदाचीच हातोडी घसरली होती. पुढे पाच वर्षांनी कारखान्यात संप झाला. ज्याच्या लग्नात ही सुरी दिली तो वसंत पोवारच संप मोडून सगळ्यांच्या आधी कामावर गेला आणि आनंदा गेटवर त्याच्या अंगावर थुंकला. त्याला आता तेवीस वर्षं झाली होती.

"तो दोस्त काय करतो आता?" आनंदाने विचारलं.

"काय ठाऊक! मी म्हणते, एकदा शोधा त्याला. तर म्हणतात, त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं जाऊ?"

आनंदाने नेहमीपेक्षा सावकाश धार लावली. सुरी परत देताना तो म्हणाला, "वहिनी, वसंताला सांगा, आनंदा दारात उभा आहे. दमलाय. पाणी मागतोय."