लाल रेघ
“ताई, तुमचा हात थरथरतो. कोपऱ्यातले नमुने बिघडले. उद्यापासून फक्त नोंदी सांभाळा,” साहेब प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत म्हणाले. मी पडद्यावर लाल रेघा उघडल्या. नमुन्यांच्या प्लेटला शहाण्णव खळगे, प्रत्येक खळग्याची एक रेघ. द्रावणातला हा लाल रंग सगळ्यांत सारखाच असतो; तपासणीत भाग घेत नाही, नुसता चमकतो. “बघा, सुरुवातीला शहाण्णवच्या शहाण्णव रेघा एका उंचीवर आहेत. हात थरथरला असता, तर द्रावण कमीजास्त पडलं असतं.” “मग कोपऱ्यातल्या नंतर वर का चढल्या?” “यंत्रात तापताना तिथलं पाणी उडालं, रंग दाट झाला. प्लेट झाकणारी वरची फिल्म कडेला चिकटलीच नव्हती.” अंगठ्याने फिल्म दाबायचं काम साहेब कुणालाच देत नसत. ते स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मी नवी प्लेट भरली. साहेबांनी सवयीने फिल्म उचलली, मग माझ्यापुढे धरली. “ताई, तुम्हीच लावा.” “लावते. आणि नमुने का बिघडले, तेही नोंदवते.”