माद्रिदहून बेचाळीस मिनिटं

"तुझ्या एका बाल्कनीने माझं उरलंसुरलं कार्ड खाल्लं, सेनाइदा!" मिग्दालिया बागेच्या पार त्या टोकावरून ओरडली. "इंटरनेटच्या कार्डावरची शेवटची वीस मिनिटं गं, आणि दिसलं काय? वरचं आकाश आणि अर्धं छप्पर!"

बागेतले सगळे हसले. रविवार होता. हिबारा या बेटावरच्या गावात वायफाय मिळे ते या बागेतच, तेही रडतखडत. बाकाबाकावर माणसं फोन तोंडासमोर धरून परदेशातल्या नातलगांशी मोठमोठ्याने बोलत होती. समोरच्या बाकावरचा न्हावी एलादिओ तेवढा गप्प होता. बायको गेल्यापासून तो तसाही कमीच बोले. गुडघ्यावर फोन ठेवून तो नेहमीसारखा पेंगत होता.

"जड आहेत माझे फोटो, मान्य," सेनाइदा म्हणाली. "पण हलके केले की त्यांची रया जाते. भिंतीचा पोपडासुद्धा दिसला पाहिजे."

"कुणाला? आम्हाला रोज दिसतोच की तो!"

कुणाला, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. साखर कारखान्यात तीस वर्षं नकाशे काढलेली ही बाई निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकली आणि गावाच्या फोटोंची वेबसाइट काढून बसली, ती एकट्या योस्वानीसाठी. तिचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो माद्रिदला गेला. "आई, घराकडचे फोटो टाकत जा, मी बघत जाईन," असं जाताना म्हणाला होता. त्यानंतर त्याचा आवाज वर्षातून दोनदा यायचा, नवीन वर्षाला आणि तिच्या वाढदिवसाला. वाढदिवसाचा उशिराच.

दर रविवारी सकाळी सहाला, बाग रिकामी असताना, ती सहा फोटो चढवायची. सोमवारी वेबसाइटवरची नोंद उघडायची. कुठल्या शहरातून कोण आलं, किती वेळ थांबलं, ते तिथे कळे. बहुतेक लोक कंटाळून मिनिटाभरात पळालेले असत. पण एक ओळ कधी चुकायची नाही. माद्रिद, एक वाचक, बेचाळीस मिनिटं. कधी चाळीस, कधी पंचेचाळीस. माद्रिदला फोटो पापणी लवायच्या आत उघडतात, हे तिने ऐकलं होतं. म्हणजे उरलेला सगळा वेळ पोरगा नुसता बघत बसत असणार. त्या एका ओळीवर तिचा आठवडा निघायचा.

त्याला विचारावं असं शंभरदा तिच्या मनात आलं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि भीती उत्तराचीच होती.

ही वेबसाइट एका परदेशी कंपनीच्या फुकट जागेवर होती, आणि ती कंपनी बेटावरच्या लोकांना थारा देत नसे. म्हणून बागेतला जो तो आधी एक ॲप चालू करायचा आणि परदेशात बसल्याचं सोंग घ्यायचा. सेनाइदा स्वतः टोरांटोच्या नावावर आत शिरायची, नोंदीतही तेच उमटे. तरी माद्रिदबद्दल तिला कधी शंका आली नाही.

मिग्दालिया जवळ आली. आता तिचा आवाज उतरला होता. "धक्क्यावर जाळं विणणारे माझे बाबा टाकलेयस ना तू? गेले ते आता. मला बघायचेत गं. पण फोटो खालपर्यंत येतच नाही."

हे मात्र सेनाइदाच्या मनाला लागलं. पुढच्या रविवारी तिने जुने-नवे सगळे फोटो हलके केले, अगदी चाळिसाव्या हिश्शावर आणले. पोपडे पुसले गेले, समुद्र गढूळ झाला. "एवढं सांभाळून घे रे," ती मनातल्या मनात योस्वानीला म्हणाली. त्या दिवशी मिग्दालियाने वडिलांना पायांपर्यंत पाहिलं आणि ती भर बागेत सगळ्यांसमोर रडली.

सोमवारी दुपारी बागेतल्या बाकावर बसून सेनाइदाने नोंद उघडली. माद्रिद, एक वाचक, दोन मिनिटं.

त्याने बघितलं, त्याला आवडलं नाही, तो उठून गेला. दोन मिनिटांत! गावाची कीव करायला गेले आणि पोर गमावून बसले, असं तिला झालं. जड फोटो परत चढवायचे ठरवून तिने बटणावर बोट नेलं, तेवढ्यात शेजारी एलादिओ येऊन उभा राहिला. सोमवारी त्याचं दुकान बंद असे.

"अगं, काय जादू केलीस? काल तुझे सगळे फोटो दोन मिनिटांत उघडले!"

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर तिचीच बाल्कनी होती आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, माद्रिद.

"हे माद्रिद काय आहे, एलादिओ?"

"ॲपमध्ये पहिल्यापासून तेच आहे. बदलता कुणाला येतंय!"

"आणि आधी... आधी किती वेळ लागायचा?"

"चाळीस, बेचाळीस मिनिटं. रविवारचं कार्ड तुझ्याच नावाचं."

सेनाइदाने नोंदीतली माद्रिदची ओळ पुन्हा एकदा वाचली. बागेत कुणीतरी फोनवर कुणाला तरी हसत शिव्या घालत होतं.

"खरं सांगू? रागावू नकोस," एलादिओ फोनकडे बघत म्हणाला. "हळू यायचा तेच बरं होतं. आधी आकाश यायचं, मग छप्पर, मग तुझं दार. दारात कोण उभं आहे ते शेवटपर्यंत कळायचं नाही. घरी मी एकटाच असतो. तेवढा वेळ कुणीतरी येतंय असं वाटायचं."

सेनाइदाने बटणावरचं बोट उचललं. बाकावर थोडी सरकून तिने त्याला जागा करून दिली.

"मलाही," ती म्हणाली.